गुडघ्यातली रेघ

"वाकडो काढलस तो काढलस, आणि वर माकाच अक्कल शिकयतस?"

"पयला म्हणजे माका 'तू' म्हणा नको. आणि आवाज खाली कर. बापूस झोपलो हा."

"झोपाक नाय तो. तुमीच सुई मारून पाडल्यात तेका."

संचितानं खुर्ची मागं ढकलली. भरड नाक्यावरच्या त्या हाडांच्या इस्पितळात एक्स-रे काढायचं काम ती पाच वर्षं करत होती, आणि एक्स-रे वाकडा आहे असं तिला आजवर कुणी सुनावलं नव्हतं. सुनावणारा कोण, तर सतरा वर्षांचा पोर, नववीतनं शाळा सोडलेला. अंगात तिनंच दिलेला शिशाचा जड कोट, कारण बापाचा पाय सरळ करून ठेवायला दुसरं कुणी नव्हतं.

"खंय वाकडो? दाखय."

रमीझनं पडद्यावर बोट आपटलं. "ह्यी रेघ."

पडद्यावर रमीझच्या बापाचा, तय्यबचा, डावा गुडघा होता, आडवा, बाजूनं घेतलेला. गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीकडं, एक फुगीर सावली होती. तिचा वरचा भाग काळपट, खालचा पांढरट, आणि दोघांच्या मधे एक रेघ. ही रेघ काय असते ते संचितानंच त्याला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. हाड आत फुटलं की त्यातली चरबी बाहेर येते आणि रक्तावर तरंगते. "बांगड्याच्या सारार तेल येता ना, तसा." माणूस उताणा पडलेला हवा, आणि एक्स-रे वरनं नाही, बाजूनं मारायला हवा. मग ती रेघ दिसते. एखादी चीर कधीकधी नजरेला येत नाही, पण ही रेघ दिसली म्हणजे हाड फुटलंय हे नक्की.

"तुमीच सांगल्यात, पाणी कायम सपाट ऱ्हवता," रमीझ म्हणाला. "मगे ह्या सपाट कित्याक नाय?"

संचितानं निरखून बघितलं. रेघ तिरकी होती. मांडीकडं चढलेली, नळीकडं उतरलेली. थोडीथोडकी नाही, चांगली उतरलेली.

"तू पाय हलयलस."

"मी हलयलंय तरी आतला पाणी सपाटच ऱ्हवतला ना? गलास वाकडो केलो म्हणून पाणी वाकडा होता?"

संचितानं परत पडद्याकडं बघितलं. शाळेच्या नऊ वर्षांत रमीझला एकही उत्तर असं चटकन आलं नव्हतं. पण खूश व्हायची ती वेळ नव्हती. त्याला इथनं निघायचं होतं. बाइकची चावी तो सकाळपासनं बोटात फिरवत होता, इतकी की बोटाला काळा वण पडला होता.

कारण असं, की रविवारी सकाळी तय्यब आणि त्याचा थोरला मुलगा शाहीद होडी घेऊन सर्जेकोट बंदरातनं बाहेर पडले, आणि खाडीच्या तोंडावर एका लाटेनं होडी उचलली. तय्यबचा गुडघा इंजिनावर आपटला आणि तो पाण्यात गेला. गावातल्या गंगारामकाकाच्या होडीवाल्यांना तो डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून खडपाजवळ, समुद्रातल्या कातळाशी, सापडला. होडी सापडली नाही. शाहीद सापडला नाही. दोन दिवस तय्यब तो फुटका गुडघा घेऊन धक्क्यावर बसून राहिला, झील आल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. आज मंगळवारी सकाळी चौघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. आणि पोलिसांनी सांगितलं होतं की शोध आज संध्याकाळपर्यंतच.

सगळा गाव दर्यात होता. फक्त रमीझ नव्हता. खैरुन्निसानं, त्याच्या आईनं, काल त्याचा हात कुराणावर ठेवून शाहीद येईपर्यंतची शपथ घ्यायला लावली होती. "एक झील पाण्यात आसा. शाहीद येयसर तू पाण्यात पाय घालूचो नाय."

आणि रविवारी होडीवर पाळी खरी रमीझची होती. शनिवारी रात्री बापाशी त्याचं वाजलं आणि सकाळी तो उठलाच नाही. शाहीद कुडाळला एसी दुरुस्त करायचा, सुट्टीला दोन दिवस घरी आला होता. तो म्हणाला, झोपू दे तेका, मी जातंय.

"परत काढतंय," संचिता म्हणाली.

तिनं सगळं पहिल्यापासनं केलं. टेबल हाताळून बघितलं. तय्यबच्या टाचेखाली फोमचा ठोकळा सरकवला. गुडघ्याच्या आतल्या अंगाला एक्स-रेची प्लेट उभी केली, कडेला डाव्या पायाचं शिशाचं 'एल' अक्षर चिकटवलं, मशीनचं तोंड आडवं फिरवलं. तय्यब डोळे मिटून होता. पण रमीझला दिसलं, बापानं दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या होत्या. नखं पांढरी पडेपर्यंत.

"अब्बा, सोड. पडणस नाय तू."

तय्यबनं सोडल्या नाहीत.

दुसरा एक्स-रे आला. रेघ तिरकीच होती. पण आता उलटी. मांडीकडं उतरलेली, नळीकडं चढलेली.

दोघंही पडद्याकडं बघत राहिले. बाहेर कुणीतरी मिक्सर लावला होता, चटणीचा वास येत होता. सलाइनची बाटली स्टँडला टांगलेली होती, सरळ, जराही न हलणारी.

"प्लेट बिघडली आसतली," संचिता म्हणाली. आवाजात आता भांडण नव्हतं.

"प्लेट बिघडली तर हाडा पण वाकडी दिसतली ना?"

"मगे काय करूया सांग. तूच हुशार."

टोमणाच होता तो. पण रमीझ गेला. इस्पितळाच्या मागं चार माड होते, खाली पडलेले नारळ कंपाउंडर जिन्याखाली टाकायचा. रमीझनं एकेक उचलून कानाशी हलवून बघितला. चौथ्यात पाणी डुचमळलं. तो घेऊन आला आणि बापाच्या गुडघ्याला लागून टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंनी टॉवेल लावून.

"दोघांचो एकत्र काढा."

"डॉक्टर माका कामावरसून काढतीत."

"काढा ओ ताई."

हे 'ओ ताई' त्याच्या तोंडातनं पहिल्यांदा निघालं. संचितानं बटण दाबलं.

साडेदहा वाजले होते. पडद्यावर नारळ आला, गोल, करवंटी पांढरी, आत खोबऱ्याची कड. नारळातलं पाणी सपाट होतं. टेबलाच्या रेषेला रेषा, मापून ठेवल्यासारखं. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, गुडघ्यातली रेघ तिरकी होती.

संचितानं हळूच खुर्ची पडद्यापासनं थोडी लांब घेतली.

डॉक्टर कौस्तुभ अकराला आले. तरुण माणूस, घाईतला, बोलायला गोड. त्यांनी पहिला एक्स-रे बघितला आणि खैरुन्निसाला आत बोलावलं. तिच्या हातात तसबीह होती, मणी थांबले नाहीत.

"हे बघा, मावशी. गुडघ्याच्या खाली नळीचं हाड वर सपाट असतं. आपल्याकडं सडा असतो ना, कातळाचं सपाट माळरान, तसं. त्या सड्यावर मांडीचं हाड बसतं. तर ह्या सड्याची बाहेरची कड चिरली आहे, आणि कडेच्या आतला भाग खाली खचला आहे. ह्याचे सहा प्रकार असतात. नुसती चीर असली तर पहिला. चीर पण आणि खचलंय पण, हा दुसरा. सीटी स्कॅन करून किती खचलंय ते मोजू, मग प्लेट आणि स्क्रू. चालतील ते, काळजी करू नका."

"खंय चलतलो तो?" खैरुन्निसा म्हणाली. "झील येवक नाय तर खंय चलतलो?"

डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं. मग ती बाहेर गेली, आणि संचितानं बाकीचे दोन एक्स-रे पडद्यावर उघडले.

डॉक्टरांनी दुसरा बघितला. मग नारळवाला. मग पहिला परत.

"हा नारळ कुणी ठेवला?"

"मी," रमीझ म्हणाला.

"का?"

"पाणी बघूक."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. तिन्ही एक्स-रे त्यांनी शेजारी शेजारी लावले. रेघ एकदा इकडं, एकदा तिकडं, परत इकडं.

"पाय हलला असेल," ते म्हणाले. मग पेन खिशाला लावलं, काढलं, परत लावलं. "ऑपरेशनला ह्याचा काही संबंध नाही. मोड दुसऱ्या प्रकारचाच आहे. रिपोर्टमधे रेघेची दिशा लिहू नका, संचिता. नुसतं 'रेघ आहे' लिहा."

ते पुढच्या पेशंटकडं गेले. रमीझ पडद्यासमोरनं हलला नाही. असं वरखाली होणारं काय असतं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासनं तो त्याच्यावर झोपला होता, जेवला होता, ओकला होता.

ही होडी होती. आडव्या लाटेवरची होडी, इंजिन बंद असलेली.

"अब्बा," तो टेबलाशी वाकून म्हणाला. "अब्बा, खंय आसस तू?"

तय्यबचे ओठ कोरडे पडले होते. डोळे मिटलेलेच.

"निवतीचो दीप," तो म्हणाला. "डाव्या हाताक."

"काय म्हणता तो?" संचितानं विचारलं.

निवतीचं दीपगृह दक्षिणेला, हे रमीझला ठाऊक होतं. तो फोन लावत होता.

"गंगारामकाका, निवतीकडे जावा. दिपाच्या भायर."

फोनमधे इंजिनाचा खडखडाट होता. "खुळो काय रे तू? वारो दक्षिणेचो. होडी गेली तर वर आचऱ्याकडे जायत. निवतीक वाऱ्याच्या तोंडार जायत ती? कोणी सांगलान तुका?"

"अब्बान."

"तय्यब शुद्धीर आसा?"

रमीझनं बापाकडं बघितलं. "होय," तो खोटं बोलला.

गंगारामनं इंजिन बारीक केलं. "डिझेल जाळतलंस मेल्या," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. पण तय्यबचं नाव घेतल्यावर तो जाणार हे रमीझला माहीत होतं.

मग वाट बघायची. वाट बघणं हे रमीझला जन्मात जमलं नव्हतं. तो जिना उतरला, चढला. बाइक स्टँडवरनं काढली, परत लावली. आईनं दिलेली चपाती कुत्र्याला टाकली. बाराला संचितानं आपला डबा उघडला आणि त्याला उसळीचा अर्धा वाटा दिला, तो त्यानं उभ्यानंच खाल्ला.

"शाळा कित्याक सोडलस?" तिनं विचारलं.

"बसाक जमणा नाय."

"ता दिसता हा."

"तुमचा बरा. काळोखात बसान लोकांची हाडा बघतास."

ती हसली. दिवसभरात तेवढंच कुणीतरी हसलं.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन आला.

"गावली रे," गंगाराम म्हणाला. "दिपाच्या भायर. तू सांगलस थंयच."

"भाई?"

नुसता वारा ऐकू आला.

"काका, भाई?"

"होडीत कोण नाय, बाबा."

रमीझ भिंतीला टेकला. भिंत थंड होती.

"आयक," गंगारामचा आवाज खाली आला होता, जसं काही जवळ कुणी ऐकणारं होतं. "दोन दिस ती होडी अशीच दर्यात. गुडघाभर पाणी होवक होया होता तिच्यात. थेंब नाय. तळ सुको आसा. आणि पाणी उपसूचो डबो ओलो आसा. आत्ता ठेवल्यासारखो."

"मगे तो हंयच खंयतरी आसा! शोधा ना!"

"शोधतंव. दोन फेरे मारलंव. कोण नाय रे. आता होडी ओढून घेवन येतंव."

रमीझ आत गेला. आईच्या समोरनं तो तसाच पुढं गेला. डॉक्टर सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर सही करत होते, आणि संचितानं न विचारता मशीन परत आडवं फिरवलं होतं.

"एकदाच," ती म्हणाली. "माका पण बघूचा आसा."

तय्यबनं टेबलाच्या कडा सोडल्या होत्या. हात पोटावर होते. चौथा एक्स-रे आला.

रेघ सपाट होती.

अगदी सपाट. पुस्तकात असते तशी.

डॉक्टर मागनं वाकून बघत होते. त्यांनी मोठा श्वास सोडला. "बघा. सकाळी मशीनचंच काहीतरी झालं होतं. कंपनीच्या माणसाला फोन करून ठेवा." आणि ते खैरुन्निसाशी बोलायला बाहेर गेले. त्यांची पावलं सकाळपेक्षा हलकी वाजली.

तय्यबनं डोळे उघडले. पाणी मागितलं. रमीझकडं असं बघितलं, जणू तो खूप वेळानं दिसत होता.

"शाहीद इलो?"

"येता हा," रमीझ म्हणाला.

दोघा वॉर्डबॉयनी तय्यबला स्ट्रेचरवर घेतलं आणि वर नेलं. टेबल रिकामं झालं. त्यावर बापाच्या अंगाच्या घामाचा आकार उमटलेला होता.

"मशीनचो दोष म्हणे," रमीझ म्हणाला. "मगे नारळाक कसो नाय दोष?"

"ता सोड आता."

"माझो काढा."

"काय?"

"माझ्या गुडघ्याचो. माका कायएक लागाक नाय. माझ्यात रेघ येवचीच नाय. रिकामो इलो तर मशीन बरा. मगे मी गप बसतंय."

संचिता नको म्हणाली. दोनदा म्हणाली. पण तोवर तो पँट गुडघ्यावर गुंडाळून टेबलावर चढला होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही रिकामा गुडघा बघायचा होता. घरी जाऊन झोप लागायला हवी होती तिला.

तिनं ठोकळा ठेवला. प्लेट उभी केली. 'एल' लावलं. काचेमागं गेली.

"हलू नको."

"हलणंय नाय."

खट्‌ आवाज झाला.

रमीझ आढ्याकडं बघत पडून राहिला. संचिता काचेमागं पडद्याकडं वाकली.

"काय?" त्यानं विचारलं. "रिकामो ना?"

तिनं चित्र मोठं केलं.

तो मान वळवून बघू लागला. काचेतनं पडदा अर्धा दिसत होता. त्याची हाडं दिसत होती, कोवळी, सगळी शाबूत. सड्याची कड कुठं चिरलेली नव्हती, कुठं खचलेली नव्हती.

वाटीच्या वर फुगीर सावली होती.

तिच्यात रेघ होती.

बापाच्या कुठल्याही रेघेपेक्षा जास्त तिरकी.

"रमीझ," संचिता काचेमागनं म्हणाली. "तुझो पाय कदी मोडलो होतो?"

"नाय."

"दुखता हा?"

"नाय."

"मगे हात कित्याक धरलस तसो?"

त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या होत्या. कधी धरल्या ते त्याला कळलं नव्हतं. सोडायला गेला तर बोटं चटकन सुटली नाहीत.

खिशात फोन वाजला.

गंगाराम ओरडत होता, आणि तरीही त्याचा आवाज लांबनं येत होता.

"दोर तुटलो रे! नवो दोर, परवाच आणललो! होडी परत भायर चालली! वारो हंयसून, आणि ती वाऱ्याक उलटी चालली! गावणा नाय आमका!"

"पाणी भरला तिच्यात?"

"काय?"

"काका, तिच्यात पाणी भरला काय?"

खडखडाट. कुणीतरी मागनं काहीतरी बोललं. मग गंगाराम, हळू:

"भरता हा. निम्मी झाली."

रमीझ टेबलावरनं उतरला. फरशीवर पाय ठेवताना आधी एक पाय ठेवला, मग थांबला, मग दुसरा, जसं हलत्या फळीवरनं उतरतात तसं. पँट खाली केली. चावी घेतली.

संचिता दाराशी आली होती. "खंय चललस? आवशीक शपथ दिलस ना तू? तिनाच सांगलान माका."

"शाहीद येयसर, असा म्हटलंय मी."

"मगे?"

"तो येवचो नाय. पाणी एकटो किती उपसतलो तो?"

"रमीझ, अरे, होडीत कोण नाय. काकान बघलान ना! कोण नाय तिच्यात!"

"बाजूक व्हा ओ ताई. माका आता जावक होया."